साहेब आमच्यात जेवले

आप्पा, काल सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या गावात गेले होते आणि तुमची स्तुती ऐकून आले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिथे एका घरात तुमचं नाव अजून आदराने घेतात. काम काही करायचं नाही आणि नाव मागे ठेवायचं, हे कसब तुम्हालाच जमलं. मी हल्ली शहापूर-मुरबाडच्या गावांत तरण्या मुलामुलींना शेतीचं शिक्षण देते. रोपवाटिका, आंब्याची कलमं, भेंडी, शेळ्या. म्हणजे जे तुम्ही सरकारी नोकरीत कागदावर करत होतात तेच.

त्या गावात मी पहिल्यांदा गेले ती तुमच्या स्कूटरवर पुढे उभी राहून. मे महिन्याची सुट्टी होती. समाजमंदिरात तुम्ही फलक बांधलात, गावातली पोरं जमली, आणि तुम्ही खुर्चीवर बसून कलम कसं बांधतात ते नुसतं तोंडाने सांगितलंत. एक सडपातळ तरुण उठून म्हणाला, "साहेब, एक कलम आमच्या हातानं करू द्या ना." तुम्ही म्हणालात, "हात कापून घेशील. बस खाली, चहा येतोय." मग फोटो निघाला, फलक गुंडाळला, प्रशिक्षण संपलं. त्या पोरांना वाटायला आलेले कलमाचे चाकू खोक्यासकट आपल्या घरात होते. एक मामाकडे गेला, एकाने आई भाजी चिरायची, आणि एक तुम्ही मला पाचवीत पहिली आले म्हणून बक्षीस दिलात. दुसऱ्याच्या वाटणीचं बक्षीस. हे पुढे कळलं तेव्हा वाटलं, तुमच्याबद्दलचा आदर इथेच संपला. खरं तर तो त्या मे महिन्यातल्या संध्याकाळीच संपला होता.

परतताना गावाबाहेर स्कूटर पंक्चर झाली. त्याच तरुणाने ती ढकलत आपल्या अंगणात आणली, आणि पंक्चर काढून होईपर्यंत त्याच्या बापाने आपल्याला आग्रहाने आत बोलावलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. ती बघून तुम्ही उंबऱ्यावर घुटमळलात, ते मी पाहिलं. पण ऊन मी म्हणत होतं आणि भूकही लागली होती. तुम्ही मांडी घालून बसलात. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी, कांदा. पोटभर जेवलात, वर चटणी पुन्हा मागून घेतलीत. आणि घरी आल्यावर मागच्या दाराशी उभे राहून आईला हाक मारलीत, "पाणी काढ गो. आत येत नाय मी. पोरीलापण घालायचीय आंघोळ." आई विचारतेय काय झालं, तुम्ही बोलत नाही. माझ्या डोक्यावर तांब्या ओतताना मात्र बोललात, "तिकडं जेवलो ते कुणाला सांगायचं नाय. कळलं?" माझ्या नाकातोंडात पाणी जात होतं आणि जिभेवर अजून सुकटाची चव होती.

काल तोच, स्कूटर ढकलत नेणारा, समोर आला. केस पिकलेत आता. त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे, हे मला माहीतच नव्हतं. मला निरखून बघत म्हणाला, "मॅडम, तुमी साहेबांची पोरगी ना? स्कूटरवर पुढं उभी होती ती?" मी हो म्हटलं. तो मुलीकडे वळला. "मी सांगतो ना ते साहेब, ते यांचे वडील. तवा आमच्यात कोण पाणी पण पेत नव्हता. हे आत येऊन जेवले. माझा बा मरेस्तोवर सांगायचा." मग मला म्हणाला, "साहेबांच्या पोरीचा वर्ग हाय असं ऐकलं म्हणून तर हिला पाठवली. नायतर असल्या वर्गांवर माझा विश्वास नाय."

चाकूंचा विषय त्याने काढला नाही. ते आले होते हेच त्याला कधी कळलं नव्हतं. एका जेवणावर तुम्ही त्या घरात एवढे मोठे झालात, आणि ते जेवणही तुम्ही घरी येऊन धुऊन टाकलं होतंत. किती स्वस्तात पडलं तुम्हाला, आप्पा.

माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं. मी चहा प्यायले.

जीपपर्यंत मुलगी सोडायला आली. वाटेत म्हणाली, "मॅडम, खरंच जेवलेले ते?"

"हो. मी पण होते."

"आणि मग?"

ती चालायची थांबली होती. अशा जेवणांनंतर काय होतं, याची तिला तिच्या परीने माहिती असावी. मी म्हटलं, "मग घरी गेलो." ती माझ्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

हे कुठे पाठवायचं नाही. पत्ता असता तरी तुम्ही वाचलं नसतंत, न वाचता सही करायची सवय होती तुम्हाला. पण एक कबूल करते. तिच्या आजोबाची आठवण जपावी म्हणून गप्प बसले, हे सगळं मी जीपमध्ये बसल्यावर जुळवलं. त्या क्षणी मी वाचवलं ते तुम्हाला. तुमच्यासारख्या माणसाला. आणि ते त्या मुलीच्या लक्षात आलं.