लक्ष्मीच्या पाठीचं कुंकू

आई, तुझ्या लक्ष्मीला मी क्ष-किरणांखाली ठेवलं. आधी रागावून घे, मग पुढचं वाच.

दिवाळी आली की नारायणगुड्याच्या घरी स्वयंपाकघरात तू देव घासायला बसायचीस. पितळेच्या देवांना चिंच, आणि आजोबांच्या करीमनगरकडच्या शेतात नांगराला लागलेल्या त्या चांदीच्या नाण्याला राख. माझा हात मंदावला की म्हणायचीस, "घास की रे, देवाला दुखत नाही." मी घासत राहायचो. मुंडावळ्यांसारखी पानं डोक्याला बांधलेला रोमचा कुणी राजा आपल्या घरी लक्ष्मी होऊन बसलाय, हे तेव्हा आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. पुढे पाठशाळेतून येऊन मी ऐटीत सांगितलं, की नाणं रोमचं आहे आणि संस्कृतातला दीनारही तिकडूनच आलेला. तू वाती वळता वळता विचारलंस, "मग न्यायला येणार आहेत का ते?" लक्ष्मी राहिली.

आता मला न घासण्याचा पगार मिळतो. प्रयोगशाळेत जुनी नाणी येतात, त्यांना कुणी राख लावू नये हे पाहायचं. एवढं शिकून आळसच केलास, असं तू म्हणाली असतीस. तुझ्या राखेनं राजाचं नाक केव्हाच नेलं होतं. पण देवीला पालथं घालायचं नाही, म्हणून तू नाणं कधी उलटलं नाहीस. दर पूजेला बोटानं ओल्या कुंकवाचं आसन करून त्यावर तिला बसवायचीस. ते कुंकू, झिरपलेलं तूप, गंध, सगळं पाठीला चिकटून दगड झालं. धाकटीच्या देवघरात मध्यंतरी त्याच्या कडेला हिरवट दिसलं. चांदीतलं तांबं ओलीनं सुटू लागलं होतं. तसंच ठेवलं असतं तर खालचं सगळं खाल्लं गेलं असतं.

धाकटी नाणं द्यायला तयार होती, कुंकू द्यायला नव्हती. ऑटोत डबी मांडीवर घट्ट धरून म्हणाली, "दादा, नाणं रोमचं असंल. कुंकू आईचं आहे. ते नक्को पुसू." प्रयोगशाळेच्या दाराशी तिनं डबी माझ्या हाती दिली.

क्ष-किरणांनी एक कणही न खरवडता धातू सांगितला. मग कुंकवाचा नमुना कुपीत ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली, बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून, थर भिजवत भिजवत उचलत गेलो. कितीतरी दिवस नुसता लाल कापूस. एके दिवशी शेजारच्या टेबलावरची तेलुगू मुलगी भिंगातून पाहून हळूच म्हणाली, "अम्मवारु, सर." राजाच्या पाठीशी खरोखरच एक देवी उभी होती. चुणीदार वस्त्र, एका हातात कणसं, नाक शाबूत. तू तिला कधी पाहिलं नाहीस, आणि तुझ्या राखेपासून ती तुझ्याच कुंकवानं वाचली.

नाणं आता संग्रहालयात जाईल. धाकटीला संगणकावर मोजमाप घेऊन चांदीची हुबेहूब प्रत करून दिली. ती म्हणाली, हिला तरी घासू देशील ना? घास म्हटलं, राख लाव नाहीतर चिंच.

हे पत्र अहवालाला जोडणार नाही, आणि तुझा पत्ता पोस्टाला सापडायचा नाही. तरी एक सांगून टाकतो. साफ करताना जुन्या थराचा एक ठिपका कोरड्या जागी तसाच राखायची आमच्यात रीत आहे, पुढच्यांना तपासता यावा म्हणून. तो कुंकवाचा ठिपका मी देवीच्या पावलांशी राखलाय. मोहरीएवढा पुरला असता. माझा तुझ्या करंगळीच्या नखाएवढा झालाय.