टेकाडावरचं दार

आप्पा, इथं ओमानातही जुन्या वस्तीची पांढर असते. सोहारच्या मागं, वादीच्या म्हणजे कोरड्या नदीच्या काठाला एक टेकाड आहे. मातीचं घर पडलं की तिथंच दुसरं उभं राहायचं, असं करत करत ते हजारो वर्षांत चढलं. आपल्या गावची पांढर लोकांनी घराच्या धाब्यावर टाकायला माती नेऊन नेऊन अर्धी संपवली. इथल्या हिच्यावरून रस्ता जाणार आहे, म्हणून आधी उत्खनन. मी त्या रस्त्याच्या कंपनीत सर्व्हेअर आहे. तुम्ही गेलात तेव्हा माझा डिप्लोमा नुकता पुरा झाला होता, त्यामुळे यातलं काहीच तुम्हाला ठाऊक नाही. टेकाडाची मापं घ्यायला गेलो तर उत्खननाच्या प्रमुख बाई, परदेशातल्या, मजुरांच्या धसमुसळेपणाला वैतागलेल्या. मला राहवलं नाही. छाती फुगवून म्हटलं, माझे वडील जन्मभर उत्खननावर मुकादम होते, मातीत मिसळलेली मातीची भिंत त्यांना नुसत्या हातानं कळायची, मी त्यांच्याच हाताखाली शिकलोय. बाईंनी कंपनीकडून मला मागून घेतलं आणि कुदळ हातात दिली. काम मिळालं ते तुमच्या नावावर, हे आधी सांगून टाकतो.

आठव्या दिवशी मी भिंत कापली. भिंतही माती, भोवती साचलेला भरावही माती, रंग एकच. पण हे सांगून तुमच्यापुढं सुटका नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात पाणी शिंपडायचं, भराव ते झटकन पितो आणि विटांची रेघ मागं राहते, हे तुम्ही मला एकोणिसाव्या वर्षी दाखवलं होतं. मी पाणी शिंपडलं नाही. घमेली भरभर निघत होती, बाई शेजारच्या खड्ड्यातून कौतुकानं बघत होत्या, आणि मला चेव आला होता. दुपारी त्या खाली उतरल्या, खिंडारापाशी गुडघ्यांवर बसल्या आणि ओरडल्याच, "दार!" मी पुढचं घमेलं भरायला घेतलं.

पुढचे अकरा दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. नकाशा काढायचं कामही माझंच, त्यामुळे त्यात दार मीच काढलं. मस्कतहून अधिकारी आले, ते त्या दारातून वाकून आत गेले. सोहारच्या भारतीय शाळेतली मुलं आली, तीही एकेक करून गेली, फोटो काढले. गुरुवारी नकाशा मस्कतला जाणार होता. एकदा तिथं पोचला की तो अहवालात छापला जाणार, आणि टेकाडावर डांबर पडल्यावर खरं-खोटं करायला कुणी खाली जाऊ शकणार नव्हतं.

मंगळवारी टेकाडाचा राखणदार दारापाशी येऊन उभा राहिला. म्हातारा बलुची आहे, हिंदी चांगलं बोलतो. बराच वेळ बघून मला म्हणाला, "अर्बाब, इधर दरवाजा कौन रखेगा? इधर से शमाल आता है, पूरा रेती घर में. हमारे बाप का घर भी मिट्टी का था. इस तरफ हम लोग खिडकी भी नहीं रखता था." अर्बाब म्हणजे मालक, आणि शमाल म्हणजे इथला वायव्येचा वारा. बाईंनी वर बघून विचारलं, "काय म्हणतोय?" मी म्हटलं, "म्हणतोय, दार छान सापडलं." म्हाताऱ्याला इंग्रजी येत नाही, पण त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं, "खलास", म्हणजे संपलं, एवढंच म्हणाला आणि आपल्या खुर्चीकडं निघून गेला.

आणि तुम्ही दिसायला लागता. आपल्याकडच्या त्या उत्खननावर, साहेबांच्या तंबूसमोर टोपी हातात घेऊन उभे आहात. "साहेब, माझ्या हातून भिंत कापली गेली. चार बोटं." मजूर एकमेकांना कोपरानं ढोसतायत, हसतायत. मला लाज वाटतेय ती भिंतीची नाही, तुमची. जेवताना मी म्हणतो, आप्पा, चार बोटं कुणाला दिसणार होती? तुम्ही हातातली भाकरी खाली ठेवता. "ती एवढी वर्षं उभी राहिली. मला दोन मिनिटं उभं राहायला काय धाड भरलीय?" आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "उद्यापासून कुदळीला हात लावू नकोस." पुढं तुम्ही मला सर्व्हेच्या डिप्लोमाला घातलंत. मी ते बक्षीस समजत होतो. शिक्षा होती का, हे विचारायचं राहून गेलं.

बुधवारी सकाळी बाईंच्या पोर्टाकॅबिनमध्ये गेलो. उभ्यानंच सांगितलं, ते दार नाही, ती भिंत होती, मी कापली. राखणदार काय म्हणाला होता तेही सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. "किती दिवस माहीत होतं?" म्हटलं, अकरा. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कुदळ काढून घेतली, मापांचं काम तेवढं ठेवलं, नकाशातलं दार मलाच पुसायला लावलं, आणि नोंदवहीत माझ्या हातानं लिहून घेतलं की हे खिंडार खोदताना पडलं. मी निघालो तेव्हा म्हणाल्या, "एक कळत नाही. चुकून कापलेल्या भिंतीच्या कडा इतक्या सरळ कशा?" मी म्हटलं, "हात तसा आहे. वडिलांनी घडवलेला." त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीच, म्हणून लिहितोय. वीतभर कापलं तेव्हाच मला विटांचे सांधे दिसले होते, आप्पा. तिथं थांबलो असतो तर बाईंना हाक मारून दाखवावं लागलं असतं. म्हणून पुढची दोन हात भिंत मी कळूनसवरून कापली, आणि त्या खाली उतरायच्या आत थापीनं दोन्ही कडा तासून ते दार केलं.