सातव्या गल्लीतली सही

भिवंडी,
१५ ऑक्टोबर २०२४

ती. भाऊंस,
यामिनीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

केदारदादा कामावरून घरी परतताना डब्याच्या पिशवीतून हे पत्र आणेल. ते त्याला वाचायला देऊ नका, घरभर करेल. तुमचं कानाचं मशीन पुन्हा कपाटात गेलं असं नीरजावहिनी म्हणाली. मग फोन करून उपयोग नाही, म्हणून लिहिते.

वडप्याच्या गोडाऊनमध्ये मला इनचार्ज करून दीड महिना झाला. गेल्या आठवड्यात फोर्कलिफ्टचा धक्का लागून सातव्या गल्लीतल्या रॅकचा खांब वाकला. वर चार मजले माल आहे आणि खाली सात बायका पॅकिंग करतात. त्यातली ठमाबाई रोज मला हाताला धरून नेते आणि सांगते की वर कायतरी करकरतंय, आपल्याला न्हाय बरं वाटत. मॅनेजर देवेशसर म्हणतात, दिवाळीचा माल निघू दे, मग बघू. दर शनिवारी सेफ्टी रजिस्टरवर ‘रॅक तपासले, ठीक’ असं लिहून इनचार्जने सही करायची असते. या शनिवारी ती मला करायची आहे. नकार दिला तर ही जागा जाईल, हे सरांनी हसत हसत सांगून ठेवलंय.

मी काय करू ते लिहा. तुमच्या वहीतले नुसते क्रमांक नकोत.

तुमची,
यामिनी

गणेशपुरी,
१६ ऑक्टोबर

चि. यामिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचेच आहे, इनचार्ज झालीस तरी.

क्रमांक नकोत म्हणतेस, पण ज्या वहीवर भिवंडीतल्या निम्म्या मुलांची दहावी निघाली, ती माझ्या लेकीलाच नको? दोनशे बारा इंग्रजी म्हणी आणि त्यांचे अर्थ, उगीच नाही लिहिले. तुझ्यासाठी क्रमांक ६३. अर्थ असा की, जे शांत पडून आहे त्याला आपण होऊन डिवचू नये. जोडीला १०८, म्हणजे धीर धरणाऱ्याच्या पदरात चांगले पडते. देवेश अनुभवी माणूस आहे, त्याला कळत असेलच. दिवाळी पंधरा दिवसांवर आली. तेवढे निभावून ने.

करंज्यांना येशील ना? लोभ आहेच, तो वाढवायला तू ये.

तुझा,
भाऊ

भिवंडी,
१९ ऑक्टोबर

ती. भाऊंस शि. सा. नमस्कार.

तुमच्या ६३ प्रमाणे मी आज सही केली. ‘ठीक’ हा शब्द माझ्या हाताने लिहिला.

सही करून वळले तर वरून एक बोल्ट ठमाबाईच्या खुर्चीशेजारी पडला. तिने तो उचलून माझ्या हातात दिला आणि पुन्हा पॅकिंगला बसली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन वही काढली. तुमच्या ६३ च्या आधी क्रमांक ११ आहे, भाऊ. वेळेवर केलेली किरकोळ दुरुस्ती पुढची मोठी मोडतोड वाचवते, हा तुमचाच अर्थ. ४० म्हणतो, मागून हळहळण्यापेक्षा आधी जपावं. तुम्ही वर्गात ११ ही शिकवलात आणि ६३ ही. परीक्षेत दोन्हीला दोन-दोन गुण होते. पण सोमवारी त्या सात बायका पुन्हा त्याच खांबाखाली बसणार आहेत, आणि माझा जीव टांगणीला लागलाय. तुम्हाला कधी अशी सही करावी लागली होती का? लागली असेल तर तुम्ही काय केलंत, तेवढं सांगा. मला तुमचा फार राग आलाय.

यामिनी

गणेशपुरी,
२० ऑक्टोबर

चि. यामिनी,

केदारला आत्ताच मोटरसायकलने पाठवतो आहे, म्हणून आशीर्वाद मनातच धर.

लागली होती. १९९७ साली मी शाळेत पर्यवेक्षक होतो. व्हरांड्याच्या छज्ज्याला भेग होती. शाळा तपासणी तोंडावर आली होती. मुख्याध्यापक म्हणाले, रजिस्टरमध्ये इमारत सुस्थितीत आहे असे लिहा. मी लिहिले. आठव्या दिवशी तास संपल्याची घंटा देताना छज्जा अनंता शिपायावर कोसळला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. भेग माझ्या ध्यानात आली नाही, असे मी चौकशीत सांगितले. तुझ्या आईलाही तेच सांगितले आणि ती तोच विश्वास घेऊन गेली. मी ती भेग रोज बघत होतो, यामिनी.

वही मी त्याच वर्षीच्या मे महिन्यात लिहायला घेतली. कोणी काही विचारले की दुसऱ्याचे शहाणपण काढून द्यायचे, म्हणजे स्वतःचे काही सांगावे लागत नाही. तुला परवा तेच दिले. मी भित्रा माणूस आहे. मला माफ कर.

उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जा आणि सही खोड. नोकरी गेली तर जाऊ दे. इथे तुझे घर आहे.

भाऊ

भिवंडी,
२२ ऑक्टोबर

ती. भाऊंस शि. सा. नमस्कार.

काल सातच्या आधी पोचले. सही खोडली, शेजारी लिहिलं की मी न तपासता सही केली होती, रॅक धोक्याचा आहे. मग सातव्या गल्लीला साखळी लावून तिच्यापुढे उभी राहिले. देवेशसर हिंदीत ओरडले की कोणाच्या हुकुमाने माल अडवलाय. मी रजिस्टर पुढे केलं. ठमाबाईने बायकांना सांगितलं की आज आत जायाचा न्हाय, आणि सातही जणी दारात बसल्या.

शेवटी सरांनी फोन केला आणि दुपारी रॅकवाल्यांची माणसं आली. खांबाच्या बुडाशी चारपैकी दोनच बोल्ट होते. त्यांनी लगेच माल उतरवायला लावला. हा आजवर उभा कसा राहिला, असं त्यांच्यातला एकजण दुसऱ्याला म्हणत होता. मला सरांनी, बोलावू तेव्हा ये, असं सांगून घरी पाठवलंय. बोलावतील असं वाटत नाही. तरी काल पोटभर जेवले.

तुमच्यावरचा राग पुरता गेलेला नाही. अनंताकाका राहनाळला मुलाकडे असतात. माझ्याकडे माफी मागून काय होणार, भाऊ?

माया असू द्या.
यामिनी

गणेशपुरी,
२७ ऑक्टोबर

चि. यामिनीस अनेक आशीर्वाद.

आज केदारबरोबर राहनाळला जाऊन आलो. अनंता ओटीवर बसला होता, कुबडी भिंतीला टेकवलेली. त्याने सुनेला चहा टाकायला सांगितला. मला ऐकू येत नाही म्हणून तिने नातवाची पाटी आणून दिली. मी सगळे सांगितले. भेग दिसत होती, हेही सांगितले. केदारसमोर सांगितले.

अनंताने पाटी मांडीवर घेतली. मग त्याने लिहिले, की ते रजिस्टर सहीसाठी माझ्या टेबलावर त्यानेच आणून ठेवले होते. मी दारातून भेगेकडे बघितले आणि मग सही केली, तेव्हा तो समोरच उभा होता. मास्तर आज येतील, उद्या येतील, असे म्हणत त्याने सत्तावीस वर्षे वाट पाहिली.

पुढच्या रविवारी पुन्हा ये, असेही त्याने लिहिले आहे. तू माझ्याबरोबर चल, मला एकट्याला धीर होत नाही.

तुझा,
भाऊ