निमंत्रकांची ओळ

आदिलाबाद
२० नोव्हेंबर १९९९

प्रिय चारू,

तुझ्या लग्नपत्रिकेचा मजकूर सोमवारी नागपूरच्या बसने आला आणि काल तीनशे प्रती छापून झाल्या. कै. अनंतराव यांची कन्या चि. सौ. कां. चारुशीला. निमंत्रक तुझे मोठे बाबा लक्ष्मणराव आणि सौ. रेणुकाबाई. त्यांच्याखाली आत्या, मामा, मामांचे साडू, आणि अगदी तळाला 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणारी दीड वर्षाची पिंकी, जिला अजून पाणी मागता येत नाही. माझं नाव नाही. तुझे बाबा गेल्यावर त्यांना नावाआधी एक अक्षर जास्तीचं मिळालं, माझ्या नावाची अक्षरं होती तीही गेली. हे मी रागाने लिहीत नाही. राग येईल म्हणून मी चार दिवस वाट पाहिली, तो काही आला नाही. जेवते, झोपते, दुकानात जाते.

दुकानाचं तुला नीट कधी सांगितलंच नाही, तूही विचारलं नाहीस. बायकांसाठीच्या कॉम्प्युटर कोर्सचे पहिले तीन महिने वर्गात आणि पुढचे तीन हणमंतरावांच्या डीटीपी सेंटरात बिनपगारी. याला इंटर्नशिप म्हणतात. वीस वर्षं संसारात तेच केलं, पण प्रमाणपत्र देणारं कोणी भेटलं नव्हतं. हणमंतराव माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, तरी गुरू म्हणून कडक. पहिल्या आठवड्यात मी एका पत्रिकेला चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर गणपती, खाली कलश आणि दोन्हीकडे सनईवाले लावले. ते पाहून म्हणाले, "बाई, लग्न आहे का जत्रा भरवून राह्यल्या तुमी? जरा जागा सोडा. कोऱ्या जागेनंच डोळा ठरते." मग जागा सोडायला शिकले. कोणतं अक्षर जाड, कोणतं बारीक, ओळी मधोमध कशा आणायच्या, हेही शिकले. मधोमध आणलेल्या ओळीची एक गंमत आहे, चारू. तिच्यातून एखादं नाव काढलं, की उरलेली दोन्हीकडून आपोआप सरकून जवळ येतात. इथे कोणी होतं, हे पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही.

हे काम मी बिनबोभाट केलं आहे. सप्टेंबरात नेरडीगोंड्याच्या सोनाबाई दिरासोबत आल्या होत्या. मुलाचं लग्न, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. कापूस, ज्वारी सगळं एकटीने ओढलेलं. मजकूर दिराने आणला, त्यात त्यांचं नाव नव्हतं. मी विचारलंसुद्धा नाही, तसाच बसवला. दीर चहाला गेला तशा सोनाबाई कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ आल्या. "बाई, माहं नाव कुठी हाय, दाखव ना." त्यांना वाचता येत नव्हतं. मी रेणुकाबाई असते तर खरं सांगून टाकलं असतं, तिला तेवढा निर्दयपणा जमतो. मी बोट दिराच्या बायकोच्या नावावर ठेवलं. सोनाबाईंनी आपलं बोट तिथे टेकवलं, काचेवर. "मोठं दिसते," म्हणाल्या. त्या दिवशी ओळी बरोबर मध्यावर आल्या म्हणून हणमंतरावांनी माझी तारीफ केली.

त्यामुळे सोमवारी लिफाफा फोडून मी टाइप करायला बसले तेव्हा हात कुठे अडला नाही. अडले हणमंतराव. "काऊन बाई, आईचं नाव सुटलं का?" मी म्हटलं, सुटलं नाही, मजकूर एवढाच आहे. ते तिथल्या तिथे नागपूरला फोन लावायला निघाले, तुझ्या मोठ्या बाबांना चार शब्द ऐकवतो म्हणाले. मी फोन खाली ठेवायला लावला आणि शाई भरायला गेले. मोठ्या बाबांचा दोष असता, तर मीच लावला असता. त्यांच्याशी भांडायची मला चांगली सवय आहे.

आता वेबचं. कोर्स पुरा व्हायला एक वेब पान स्वतः करून दाखवावं लागतं. तुझ्या होणाऱ्या जाऊबाई अमेरिकेत आहेत, त्यांना पत्रिका इंटरनेटवर पाहायची होती, म्हणून मी तुझीच पत्रिका घेतली. आपली मराठी अक्षरं तिकडच्या मशीनवर जशीच्या तशी उमटत नाहीत, नुसता कचरा दिसतो. म्हणून अख्ख्या मजकुराचं चित्र करून ते पानावर टाकायचं. ट्रंक लाइनवर मोडेम बराच वेळ किंचाळतो, मग चित्र वरून खाली एकेक रेघ उतरतं. गुरुवारी दुपारी दोनदा लाइन तुटली, तिसऱ्यांदा पान चढलं. छापील कागदात आणि या पानात एवढाच फरक, की हे लोकांच्या डोळ्यांसमोर गेल्यावरही बदलता येतं.

पत्र लिहायला बसले ते या पानासाठी. मजकुराचा तो कागद तुझ्या अक्षरात होता, चारू. मोठ्या बाबांनी सांगितलं आणि तू उतरवलंस, की तूच लिहिलंस आणि त्यांनी मान डोलावली, मला ठाऊक नाही. कागदावर कुठे खाडाखोड नव्हती. पत्रिका तू लिहिलीस तशी छापली, काना-मात्रेचा फरक नाही. वेबच्या पानावर मात्र निमंत्रकांत पहिलं नाव वनमाला अनंतराव असं आहे. मी टाकलं, कोणाला न विचारता. जाऊबाईंनी एव्हाना पाहिलंही असेल. ते काढायला मला तासभर पुरतो. काढायचं असेल तर दुकानात फोन कर, संध्याकाळी सातपर्यंत मी असते. मोठ्या बाबांना करायला लावू नकोस. तुझ्या तोंडाने सांग, आई, तुझं नाव काढ. कारण विचारणार नाही. काढीन, आणि उरलेली नावं नीट मध्यावर आणून ठेवीन. बुधवारपर्यंत फोन आला नाही, तर पान आहे तसं राहील आणि लग्नाला मी मागच्या नाही, पहिल्या रांगेत बसेन.

काही झालं तरी तुझीच,
आई