यंदाचा मोसम माझाच

१२ नोव्हेंबर
साप्पोरोत पहिला बर्फ. शुभशकुन! यंदाचा मोसम माझाच. वय चौतीस, पण बायॅथलॉनमध्ये, म्हणजे स्कीवर पळत मध्येच नेमबाजी करायच्या खेळात, माणूस याच वयात पिकतो. स्कीवर मी अजून सैन्याच्या तुकडीत कुणाला हार जात नाही. पालथं पडून गोळ्या मारणंही बरं जमतं. राहता राहिलं उभ्याने मारणं. तो फक्त मनाचा खेळ आहे. उद्यापासून मन घट्ट करणार.
प्रशिक्षक ओनोदेरा-सान म्हणाले, "निवा, या मोसमात तुझ्याशी जरा बोलायचंय." बहुतेक कर्णधारपद.

१३ नोव्हेंबर
पाय दुखत होते. मन उद्यापासून.

२९ नोव्हेंबर
उभ्याने सराव. पाचातल्या दोन लागल्या. वारा फार.
लक्ष्यांच्या वरच्या फळीवर एक कावळा येऊन बसतो. ओनोदेरा-सान सगळ्यांसमोर म्हणाले, "हायासाका उभा राहिला की हा उडून जातो. निवा उभा राहिला की परत येतो. सुरक्षित जागा कुठली, ते त्याला बरोब्बर कळतं." सगळे हसले. मीही हसलो. तुकडीत खेळीमेळी ठेवणं हे जुन्या माणसाचं काम.
हायासाका म्हणजे गेल्या वर्षी आलेला पोरगा. उभ्याने पाचच्या पाच मारतो. नवखेपणी नशीब साथ देतं. मग उतरतं.

९ डिसेंबर
रायफल घरी आणता येत नाही, म्हणून गॅलरीत छत्री खांद्याला लावून सराव. समोरच्या इमारतीत एक गोल दिवा आहे, अगदी लक्ष्याएवढा. श्वास सोडला, नेम धरला. तेवढ्यात पोलीस आले. समोरच्या कानाया आजींनी फोन केला होता.
बायको, मिसुझु, दवाखान्यातल्या कामावरून दमून आली ती थेट घरोघर माफी मागायला गेली. कमरेत वाकून वाकून तिची पाठ धरली. म्हणाली, "निदान छत्री उघडून तरी धरायचीस!" खेळाडूच्या घरच्यांना थोडी झळ सोसावीच लागते.

१ जानेवारी
देवळात भविष्याची चिठ्ठी काढली. 'इच्छिलेलं हुकेल.' चिठ्ठ्यांचा डबा नीट हलवला नव्हता. दुसरी काढली. तीही तशीच. चौथीत 'बऱ्यापैकी भाग्य' निघालं. देव आधी परीक्षा घेतो.
सहा वर्षांच्या चिनात्सुने विचारलं, "बाबा, चांगली येईपर्यंत काढायची असते का?" मुलांना सगळंच समजावता येत नाही.

१८ जानेवारी
शर्यत. एकोणिसावा. उभ्याने एकच लागली. प्रत्येक चुकलेल्या गोळीला दंडाची एक फेरी मारावी लागते, म्हणून मी आज गोल गोलच फिरत होतो. दोष स्कीच्या तळाला लावलेल्या मेणाचा.
ओनोदेरा-सानांनी खोलीत बोलावलं. कर्णधारपद नव्हतं. म्हणाले, "फेब्रुवारीतल्या मोठ्या स्पर्धेत पहिल्या तिघांत ये. नाहीतर एप्रिलपासून तुला सामानाच्या कोठारात धाडताहेत. मी बरंच सांगून पाहिलं रे."
इतकं स्पष्ट माणूस फक्त जवळच्याशी बोलतो.
घरी नूडल्स होते. निम्मे तसेच ठेवले. मिसुझुला सांगितलं, वजन कमी करतोय.

२ फेब्रुवारी
हायासाका मागून आला. म्हणाला, "निवा-सान, रागावू नका. शेवटच्या गोळीला तुम्ही श्वास फार वेळ धरता. मग हात कापतो. गोळी पटकन सोडून द्या." त्याला म्हटलं, तू शाळेत होतास तेव्हापासून मी हे करतोय.
तो गेल्यावर पटकन सोडून पाहिली. चार लागल्या. पुन्हा चार.
हे माझ्या लक्षात येतच आलं होतं.
बारा वर्षं दुसरं काही केलं नाही मी. कोठारात काय करतात? खोकी मोजतात?

२२ फेब्रुवारी, दुपार
मेणाच्या खोलीत बसून लिहितोय.
पालथं पडून एकच चुकली. एक फेरी मारली. मग उभ्याने. पटकन सोडली. पहिली लागली. दुसरी. तिसरी. चौथी. पाचवीला मी थांबलोच नाही. पाचही काळे ठिपके पांढरे झाले! शेजारी उभा हायासाका काहीतरी ओरडत होता. मोठ्या मनाचा पोरगा. दंडाच्या फेऱ्यांपाशी पंच हात हलवत होते, मीही हात हलवला आणि थेट पुढे सुटलो. शेवटच्या चढावर रडत होतो.
फलकावर तिसरा. तिसरा! निकाल अजून कच्चा आहे म्हणे. नेहमीची पद्धत असणार.
मिसुझुला फोन केला. तिने चिनात्सुला बोलावून मला तेच पुन्हा सांगायला लावलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
ते हायासाकाचे ठिपके होते.
मी माझ्या जागेवर उभा राहून शेजारच्या लक्ष्यांवर मारल्या. माझे पाच तसेच काळे. म्हणजे पाच फेऱ्या, आणि त्या न मारता निघून गेलो, म्हणून प्रत्येकी दोन मिनिटं दंड. शेवटचा आलो.
हायासाकाची लक्ष्यं पुन्हा लावून दिली, खोळंबलेला वेळ वजा केला. तिसरा तोच. पदक गळ्यात घालून माझ्यासमोर वाकला. म्हणाला, "पण निवा-सान, नेम अप्रतिम होता." कुत्सितपणे म्हणाला असता तर बरं झालं असतं.
ओनोदेरा-सानांनी आधी माझ्या टोपीवरचा बर्फ झटकला. मग म्हणाले, "बारा वर्षं या पाच गोळ्यांची वाट बघत होतो रे मी. मारल्यास, आणि मारल्यास कुठे!"
मिसुझुला पुन्हा फोन. तिने विचारलं, "लागल्या तरी ना पाचही?" हो म्हटलं. ती म्हणाली, "मग ये घरी."

३ मार्च
शस्त्रागारात रायफल जमा केली. तिचा दस्ता माझ्या गालाच्या मापाने घासलेला. तो दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचा नाही, असं तिथला माणूस म्हणाला. ही तारीफ असावी. नसावी.

८ मार्च, रविवार
चिनात्सुला स्की शिकवायला टेकडीवर नेलं. ती इतर मुलांना सांगत होती, "माझे बाबा जपानसाठी खेळतात." दुरुस्त करणार होतो. केलं नाही.
उतारावर जोर लावला. बारा वर्षं रायफलचं ओझं घेऊन पळालेली पाठ. आज पाठीवर काहीच नव्हतं. तोल पुढे गेला आणि सगळ्या मुलांसमोर तोंडावर आपटलो.
चिनात्सु हळूहळू घसरत माझ्याजवळ आली. खाली वाकून कानात म्हणाली, "बाबा, गुडघे वाकवायचे असतात."
वाकवले.