चौथ्याची न्याहारी

अक्का, आज न्याहारीला तो चौथा येणार आहे. ज्याने सगळ्यात आधी सही केली, तोच. परातीत पीठ काढले आणि तुमची आठवण झाली.

निजामाचे राज्य जाऊन काही वर्षे झाली होती, भाषावार प्रांतांचे वारे सुटले होते आणि आळंदच्या बाजारात मी मराठीसाठी बोललो होतो. ते भाषण आम्ही पाच मित्रांनी मिळून लिहिलेले, आवाज तेवढा माझा. तहसीलातून चौकशी आली तेव्हा चौघांनी लिहून दिले की शब्द याचेच, आम्ही नुसते ऐकायला गेलो होतो. माझी शाळेतली नोकरी गेली. आठवडाभर धड जेवलो नाही, लिहिले मात्र भरपूर: पुढच्या बाजारी चौघांना नावानिशी उभे सोलणारे भाषण.

सवयीने ते तुम्हाला ऐकवायला मिशनच्या आवारात आलो. तुम्ही मला शाळेत शिकवत होतात तेव्हापासून माझा सराव तुमच्या स्वयंपाकघरातच व्हायचा. तुम्ही भाकऱ्या थापायच्या, मी बोलायचे, आणि मी घाई केली की तुमचा हात परातीत थांबायचा. त्या दिवशी तो एकदाही थांबत नाही. मी घामाघूम.

“आवाज झकास हाय,” तुम्ही म्हणता. “आता चौघांची नावं काढून टाक आन् परत म्हण.”

तसे म्हणून पाहिले. अर्ध्या मिनिटात संपले.

“कामून थांबलास? एवढंच व्हय?” आणि तुम्ही खळखळून हसलात. मला असा राग आला! मग तव्यावरची नजर न काढता तुम्ही येशूची गोष्ट सांगितलीत, मी दहादा वाचलेली आणि एकदाही न ऐकलेली. सोबती त्याला टाकून पळाले, एकाने तर ओळखसुद्धा नाकारली. मरणातून उठल्यावर तो त्यांना तळ्याकाठी भेटला.

“तवा त्यानं काय केलं? भाषण ठोकलं?”

“न्हाई.”

“विस्तू पेटवला, मासे भाजले, न्याहारीला बोलावलं. आपल्याकडं मासे कुठले? तू पिठल्यावर भागव.”

मी चार भाकऱ्या खाल्ल्या. ढीगभर पुस्तके वाचली होती, पण दगा झालेला माणूस दगा देणाऱ्यांसाठी चूल पेटवतो, हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या रविवारी उपासनेला तुमच्या शेजारी बाकावर बसलो, तो आजवर उठलेलो नाही. पुढे तिघे एकेक करून माझ्याकडे जेवून गेले. चौथ्याला बोलवायला मात्र इतकी वर्षे लागली, की तोवर तुम्ही गेलात.

एक सांगायचे राहिले. त्या दिवशी भाषण म्हणून तुमच्यादेखत चुलीत मी टाकला तो दुसराच कागद होता, भाषण खिशातच राहिले. फार चांगले होते हो ते! हे पत्र त्याच्याच कोऱ्या बाजूवर लिहितो आहे. दारात चपला वाजल्या, आणि चूल अजून पेटायची आहे. घरात रद्दी पुष्कळ आहे, पण हाच कागद घेतो.