चिसेकाचा हिरवा तक्ता

६ जानेवारी, सोमवार
एकतीस घरं, आणि मीटिंगला माणसं चार! त्यातले दोघे आंब्याखाली घोरत होते. अशाने आफ्रिका पुढे जायची? जिल्ह्याच्या कलुवासाहेबांनी तक्ता दिलाय. २०६३ पर्यंत अख्ख्या खंडाने काय काय गाठायचं, त्यातला आमच्या चिसेका गावाचा वाटा. झालं की चौकोन हिरवा, नाही तर लाल. २०६३ला मी शहाऐंशीची. एवढी थांबायला मला सवड नाही. समितीची अध्यक्ष मी. आमचं सगळं फेब्रुवारीत उरकणार.

२० जानेवारी
घरटी संडास. खड्डे एकवीस, भिंती तीन. मुखिया विचारतो, माई, बिनभिंतीचं बसायचं ते कुणाकडे तोंड करून? म्हटलं, तक्त्यात भिंती विचारल्यात का? उरलेले दहा खणतीलच. हिरवा.

३ फेब्रुवारी
बाळंतपणं नर्सच्या हातून, शंभर टक्के. यंदा झाली दोन. एक बैलगाडीतच उरकलं, पण नाळ सिस्टर मलुंगाने कापली. हात लागलाच की. हिरवा.
लेकीला, झिओनेला, आठवा महिना लागलाय, पाय सुजलेत. गेल्या वर्षी तिचं पहिलं मूल अडून गेलं. तेव्हा गावात नर्स नव्हती, आता आहे. मी कशाला घाबरू?

१४ फेब्रुवारी
जिल्ह्यातलं पहिलं हिरवं गाव! कलुवासाहेब स्वतः आले. कोंबडी कापली, मक्याच्या पिठाचा न्सिमा दोनदा वाढून घेतला त्यांनी. संडास दाखवा म्हणाले नाहीत. मीही आग्रह केला नाही.

२८ फेब्रुवारी
पत्र. तुमचं उद्दिष्ट पूर्ण, अभिनंदन. सिस्टर मलुंगाची बदली उद्यापासून, नदीपलीकडच्या लाल गावात. चूक असणार. मुखिया म्हणतो, चूक कसली, रंग कुणी दिला?

१ मार्च
सिस्टर गेली. हिरव्यावर लाल फासला, तर तपकिरी झालं. तपकिरीचं तक्त्यात काहीच लिहिलेलं नाही.

३ मार्च, सोमवार
म्हाताऱ्या सुईणीने झिओनेचं पोट चाचपलं. मूल आडवं आहे, हे माझ्याच्याने व्हायचं नाही, म्हणाली आणि उठलीच. पोर माझ्याकडे बघत राहिली. दिवस उरलेत दहा-बारा. साहेबांना फोन केला. म्हणाले, कागदावर हिरवं आहे, बदल हवा तर लेखी द्या. लिहिलं. जसंच्या तसं इथे उतरवतेय:

कलुवासाहेब, बाळंतपणाचा चौकोन मी खोटा रंगवला. संडासाचाही. हवं तर सगळे लाल करा, मला अध्यक्षपदावरून काढा, गावासमोर बोलवा. पण सिस्टरला परत पाठवा. माझी एकच लेक आहे. शुक्रवार, सात मार्च, दुपारच्या आत मला उत्तर पाहिजे.